तह आणि त्यापलीकडची साथ

दोन देशांनी एकमेकांच्या संरक्षणाची हमी देणारा तह करणे आणि अशी कोणतीही हमी न देता लष्करी सहकार्य वाढवत नेणे, या राष्ट्रीय सुरक्षेच्या दोन निराळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेवर करारनामा असतो, त्याला कायदेमंडळाची मंजुरी असते आणि 'तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही मदतीला येऊ' असे वचन असते. दुसऱ्या वाटेवर संयुक्त सराव असतात, एकमेकांच्या बंदरांत इंधन भरण्याची सोय असते, गुप्तवार्तांची देवाणघेवाण असते, सेनाधिकाऱ्यांच्या नियमित बैठका असतात. ते वचन मात्र नसते.

बहुतेक महत्त्वाचे देश या दोन्ही वाटांवरून एकाच वेळी चालतात. अमेरिका 1949 पासून नाटोची सदस्य आहे. जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स यांच्याशीही तिचे लेखी संरक्षण करार आहेत. तरीही इस्रायलशी तिचा परस्परसंरक्षणाचा तह नाही, तैवानशी होता तो तिने संपवला, आणि भारताबरोबरचे तिचे लष्करी संबंध गेल्या वीस वर्षांत कोणत्याही तहाशिवाय वाढले. तह करण्याची ताकद आणि सवय असलेले देशही तहाबाहेरची साथ का जोपासतात, हा या विषयाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, तहातले वचन मुख्यतः शत्रूच्या कानावर पडावे म्हणून दिलेले असते आणि तहाबाहेरचे सहकार्य मित्रांना एकत्र काम करण्याची सवय लागावी म्हणून असते. दोन्हींची कामे वेगळी असल्यामुळे एकाची जागा दुसरे सहसा घेऊ शकत नाही.

सीमारेषा कोठे आखायची

'अनौपचारिक' म्हणजे 'तोंडी' असा अर्थ घेतला तर विषय सुरुवातीलाच भरकटतो. तहाबाहेरच्या भागीदाऱ्यांतही कागद भरपूर असतात: सामंजस्य करार, संयुक्त निवेदने, बैठकांची इतिवृत्ते, इंधनाच्या हिशेबाची कलमे. फरक पडतो तो कागदातून निर्माण होणाऱ्या बंधनात. 1969 च्या व्हिएन्ना करारानुसार तह म्हणजे राष्ट्राराष्ट्रांत झालेला, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत येणारा लेखी करार. तो मोडला तर कायद्याचा भंग होतो. सामंजस्य करार मोडला तर विश्वासाला तडा जातो, पण न्यायालयाचे दार सहसा ठोठावता येत नाही.

'सहसा' म्हणण्याला कारण आहे. डिसेंबर 1990 मध्ये कतार आणि बहारीन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दोहा येथील चर्चेच्या इतिवृत्तावर सह्या केल्या. बहारीनच्या मते ती नुसती चर्चेची नोंद होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1994 मध्ये ते इतिवृत्त बंधनकारक करारच असल्याचा निर्णय दिला. उलट बाजूने पाहिले तर पक्क्या तहातही सैल जागा असतात. नाटोचे पाचवे कलम एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला सर्वांवरचा हल्ला मानते. पण त्यानंतर प्रत्येक सदस्याने काय करायचे, हे त्या सदस्याला जी कारवाई आवश्यक वाटेल तिच्यावर सोपवते. सैन्य पाठवलेच पाहिजे, असे ते कलम म्हणत नाही.

म्हणून औपचारिक आणि अनौपचारिक यांच्यामध्ये भिंत नसून उतार आहे, असे मानणे योग्य. उताराच्या एका टोकाला परस्परसंरक्षणाचा तह. त्याखाली संकटात सल्लामसलत करण्याचे वचन. त्याखाली सामरिक भागीदारीची निवेदने, रसद आणि संदेशवहनाचे करार. आणि अगदी खाली वर्षानुवर्षांच्या सरावातून पडलेली सवय. प्रस्तुत विवेचनात युद्धप्रसंगी मदतीचे कायदेशीर वचन जेथे नाही, अशा सहकार्याला अनौपचारिक भागीदारी म्हटले आहे.

जुन्या काळातील विचार

बांधिलकी किती घ्यावी हा प्रश्न आधुनिक नाही. इ.स.पूर्व 433 मध्ये कॉर्सायरा या नगरराज्याने कॉरिंथविरुद्ध अथेन्सची मदत मागितली. ग्रीकांकडे त्यासाठी दोन शब्द होते. 'सिम्माखिया' म्हणजे पूर्ण युती: मित्राचे शत्रू ते आपले शत्रू, चढाईतही साथ. 'एपिमाखिया' म्हणजे केवळ बचावापुरती साथ. स्पार्टाशी झालेला तीस वर्षांच्या शांततेचा तह मोडू नये म्हणून अथेन्सने दुसरा प्रकार निवडला आणि कॉरिंथच्या जहाजांनी कॉर्सायरावर चाल केल्याशिवाय लढू नका, असे बजावून फक्त दहा जहाजे पाठवली. इतिहासकार थुसिडिडीसने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. जहाजे लढाईत ओढली गेली आणि पेलोपोनेशियन युद्धाच्या कारणांत एकाची भर पडली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सातवे अधिकरण संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव या सहा गुणांना वाहिलेले आहे. एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह करणे म्हणजे द्वैधीभाव. आजचे अनेक देश एकाच वेळी अनेक घरे सांभाळतात, त्याला हा शब्द बराच जवळचा आहे. त्याच अधिकरणात कोणता संधी टिकाऊ याची चर्चा येते. आधीच्या आचार्यांच्या मते शपथेवर केलेला संधी चंचल, तर जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला स्थिर. कौटिल्याने हे मत खोडून काढले. शपथेचा धाक इहलोकी आणि परलोकीही असतो, जामीन आणि ओलीस मात्र इहलोकापुरते आणि बळावर अवलंबून, असे त्याचे म्हणणे. वचनाचे बळ कशात असते, करारातल्या तारणात की करार करणाऱ्याच्या निष्ठेत, हा तेव्हाचा वाद आजही मिटलेला नाही.

दुबळ्या बाजूला लेखी तह किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण मराठी इतिहासातच आहे. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. इंग्रजांनी संरक्षणाची हमी दिली. बदल्यात पेशव्याने तैनाती फौज ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा हक्क सोडला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. बलाढ्य मित्राची हमी घेताना स्वातंत्र्य किती द्यावे लागते, हा हिशेब आशिया आणि आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांनी विसाव्या शतकात वारंवार मांडला, त्यामागे असे अनुभव होते.

1904 ते 1914: एक कसोटी

लेखी आणि अलिखित साथीची शेजारीशेजारी परीक्षा पाहायची असेल तर पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दशकासारखे दुसरे उदाहरण नाही. 8 एप्रिल 1904 रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जो समझोता झाला, त्याचा मुख्य विषय इजिप्त आणि मोरोक्को हा होता. युद्धात मदत करण्याचा शब्दही त्यात नव्हता. मात्र 1906 पासून दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांच्या भेटी सुरू झाल्या. ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये कोठे उतरेल, कोणत्या रेल्वेने पुढे जाईल, याचे आराखडे तयार होऊ लागले. ब्रिटिश मंत्रिमंडळातील बहुतेक मंत्र्यांना या भेटींची कल्पना 1911 पर्यंत नव्हती.

1912 मध्ये फ्रान्सने आपल्या युद्धनौका भूमध्य समुद्रात एकवटल्या आणि ब्रिटनने आपले बळ उत्तर समुद्राकडे वळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि फ्रेंच राजदूत पॉल कांबाँ यांच्यात पत्रव्यवहार झाला. लष्करी चर्चांमुळे कोणत्याही सरकारवर बंधन येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पण फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडला होता, हे कोणत्याही पत्राने बदलणार नव्हते. ऑगस्ट 1914 मध्ये ही गोष्ट निर्णायक ठरू लागली. 2 ऑगस्टला ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्या किनाऱ्याच्या रक्षणाचे आश्वासन दिले. 3 ऑगस्टला ग्रे यांनी संसदेत ते पत्र वाचून दाखवले आणि बंधन नसले तरी विश्वासाचा प्रश्न कसा उभा राहतो, हे सांगितले. 4 ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्यावर बेल्जियमच्या तटस्थतेविषयीच्या 1839 च्या लेखी तहाचा आधार घेऊन ब्रिटन युद्धात उतरले.

दुसऱ्या बाजूला इटली 1882 पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याबरोबर लेखी त्रिराष्ट्र युतीत होता. ऑस्ट्रियाने आपल्याला न विचारता सर्बियावर चाल केली, युती केवळ बचावासाठी आहे, असे सांगून तो तटस्थ राहिला आणि 1915 मध्ये विरुद्ध पक्षाकडून लढला. वचन देऊन बसलेला बाजूला राहिला आणि वचन न दिलेला मदतीला आला.

यावरून लेखी तह निरर्थक ठरतात, असे अनुमान मात्र काढता येत नाही. फ्रान्स-रशियाचा आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा लेखी करार त्याच उन्हाळ्यात तंतोतंत पाळला गेला. ब्रेट ॲश्ली लीड्स, अँड्र्यू लाँग आणि सारा मिचेल या अभ्यासकांनी 1816 ते 1944 या काळातील युत्या तपासल्या, तेव्हा युद्धाची वेळ आल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश वेळा वचन पाळले गेल्याचे दिसले. 1914 चा धडा यापेक्षा बारीक आहे: एकत्र आखलेल्या योजना आणि त्यानुसार हलवलेली जहाजे यांतून कागदाबाहेरची जबाबदारी तयार होते, आणि ती प्रसंगी कागदावरच्या जबाबदारीइतकीच जड असते.

वाऱ्यावर सुटण्याची आणि फरफटीची भीती

अमेरिकन अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी 1984 मध्ये युतीतील दोन भीतींची मांडणी केली. पहिली भीती, ऐन वेळी मित्र आपल्याला वाऱ्यावर सोडील. दुसरी भीती, मित्राच्या भांडणात आपली फरफट होईल. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते. वचन पक्के केले तर मित्र निर्धास्त होऊन साहस करू लागतो. वचन सैल ठेवले तर तो दुसरा आधार शोधतो.

अनौपचारिक भागीदारी हा या पेचातून काढलेला मध्यममार्ग आहे. मित्राला शस्त्रे, प्रशिक्षण, माहिती पुरवता येते आणि त्याच्यासाठी लढायचे की नाही, हा निर्णय आपल्या हाती राहतो. डिसेंबर 1954 मध्ये अमेरिकेने तैवानशी परस्परसंरक्षणाचा तह केला. पेकिंगशी राजनैतिक संबंध जोडल्यावर तो 1 जानेवारी 1980 पासून संपुष्टात आला. त्याच्या जागी 1979 मध्येच तैवान संबंध कायदा आला. तैवानला बचावाची शस्त्रे देण्याचे धोरण हा कायदा ठरवतो. अमेरिकी सैन्य लढेल की नाही, हे तो सांगत नाही. या संदिग्धतेने एकाच वेळी दोन कामे करावीत अशी अपेक्षा आहे: चीनने हल्ला करू नये आणि तैवानने स्वातंत्र्याची घोषणा करू नये.

नुसत्या सह्यांनी भीती दूर होत नाही, हे पाकिस्तानच्या अनुभवावरून दिसते. 1954 मध्ये मनिला येथे जन्मलेली आग्नेय आशिया करार संघटना, म्हणजे सीटो, आणि 1955 चा बगदाद करार या दोन्हींत पाकिस्तान सामील झाला. 1965 आणि 1971 च्या युद्धांत यांपैकी कोणतीही संघटना त्याच्या बाजूने लढायला उतरली नाही, कारण इतर सदस्यांच्या दृष्टीने त्या साम्यवादाविरुद्ध होत्या. सीटो 1977 मध्ये आणि बगदाद करारातून निघालेली सेंटो 1979 मध्ये विसर्जित झाली. याउलट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि सिंगापूर यांनी 1971 मध्ये केलेली पंचराष्ट्र संरक्षण व्यवस्था हल्ल्याच्या प्रसंगी केवळ सल्लामसलतीचे वचन देते. तरीही तिचे सराव पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. अपेक्षा मोजक्या ठेवल्यामुळे अपेक्षाभंगाला तिच्यात जागा कमी राहिली.

तहाची भौगोलिक मर्यादा: गोवा

लेखी तहाला हद्द असते. ती आखताना जी संकटे डोळ्यांसमोर असतात त्यांच्यासाठीच तो उपयोगी पडतो. गोव्याच्या मुक्तीच्या वेळी पोर्तुगालला याचा प्रत्यय आला. पोर्तुगाल नाटोच्या बारा संस्थापक सदस्यांपैकी एक होता. पण कराराच्या सहाव्या कलमाने हमीची हद्द युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील उत्तर अटलांटिकपुरती ठेवली होती. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा नाटोची हमी सालाझार सरकारच्या कामी येऊ शकली नाही.

पोर्तुगालकडे आणखी एक, फार जुना कागद होता. इंग्लंडशी 1373 मध्ये झालेला मैत्रीचा तह आजही अस्तित्वात असलेल्या सर्वांत जुन्या तहांपैकी एक मानला जातो. 1943 मध्ये चर्चिल यांनी त्याच तहाचा हवाला देऊन अझोर्स बेटांवर तळ मिळवले होते. 1961 मध्ये मात्र राष्ट्रकुलातील सदस्य असलेल्या भारताविरुद्ध ब्रिटन शस्त्र घेऊन उभे राहिले नाही. अठरा वर्षांच्या अंतराने त्याच तहातून दोन वेगळी फळे निघाली, कारण मधल्या काळात ब्रिटनचे हितसंबंध बदलले होते. तहाची हद्द आणि हितसंबंधांची हद्द जेथे जुळत नाही, तेथे उरलेली जागा भरण्यासाठी देश अनौपचारिक व्यवस्थांकडे वळतात.

घरचे राजकारण आणि बाहेरची नजर

अभ्यासक चार्ल्स लिप्सन यांनी 1991 मध्ये अनौपचारिक करारांची चार कारणे मांडली: उघड, ठळक वचन टाळणे, मंजुरीची प्रक्रिया टाळणे, परिस्थिती बदलली की अटी बदलता येणे, आणि झटपट निर्णय. या चारही कारणांना इतिहासात भरपूर पुरावा आहे.

मंजुरीचा अडथळा अमेरिकेत सर्वांत उंच आहे. तेथे तहाला सीनेटच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. 1919 मध्ये व्हर्सायच्या तहाबरोबर फ्रान्सला दिलेली ब्रिटन-अमेरिकेची संयुक्त हमी सीनेटच्या मंजुरीअभावी गळून पडली, आणि तिच्यावर विसंबून असलेला फ्रान्स एकाकी झाला. त्यानंतरच्या अनेक राष्ट्राध्यक्षांनी कार्यकारी करारांचा सोपा मार्ग पसंत केला. गुप्ततेची गरज हेही एक कारण असते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या संदेशवेधी संस्थांनी 5 मार्च 1946 रोजी केलेला करार पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांना सामावून 'फाइव्ह आइज' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचा मूळ मजकूर 2010 मध्ये उघड झाला. ही साथ किती चिवट आहे, हे न्यूझीलंडच्या बाबतीत दिसले. अण्वस्त्रवाहू आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना त्या देशाने बंदरबंदी केल्यावर 1986 मध्ये अमेरिकेने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबरोबरच्या अँझस तहाखालील आपली जबाबदारी त्याच्यापुरती स्थगित केली. गुप्तवार्तांच्या वर्तुळात मात्र न्यूझीलंड टिकून राहिले.

शेजारी शत्रूला डिवचू नये, हा विचार स्वीडन आणि फिनलंड यांनी दीर्घकाळ केला. नाटोबाहेर राहून दोघांनी 1994 पासून 'शांततेसाठी भागीदारी' या कार्यक्रमात भाग घेतला, नाटोची मानके स्वीकारली, सराव केले. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर दोघांनी सदस्यत्वासाठी अर्ज केले. फिनलंड एप्रिल 2023 मध्ये आणि स्वीडन मार्च 2024 मध्ये सदस्य झाला. त्यांच्या सैन्यांना नाटोच्या कार्यपद्धती नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. ते काम अनौपचारिक वर्षांत होऊन गेले होते.

काही देशांना एका तहात बसवणेच अशक्य असते. जपान आणि दक्षिण कोरिया दोघेही अमेरिकेचे करारबद्ध मित्र, पण वसाहतकाळाच्या जखमांमुळे त्यांच्यात आपसांत तह नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कॅम्प डेव्हिड येथे तिन्ही नेत्यांनी समान संकटात सल्लामसलत करण्याचे ठरवले, त्याला त्यांनी तहाचे रूप दिले नाही. युक्रेनला शस्त्रे पुरवण्यासाठी एप्रिल 2022 मध्ये जर्मनीतील रामस्टाइन तळावर सुरू झालेल्या बैठकांत नाटोबाहेरचे देशही सामील झाले. नाटोत निर्णयाला सर्वांची सहमती लागते. या गटात ज्याला जे देणे शक्य, ते त्याने दिले.

भारताची वाट

भारताने कोणत्याही महासत्तेशी युद्धात मदतीचे पक्के वचन देणारा करार केलेला नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा दस्तऐवज म्हणजे 9 ऑगस्ट 1971 रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि आंद्रे ग्रोमिको यांनी सही केलेला भारत-सोव्हिएत मैत्री करार. त्याच्या नवव्या कलमानुसार हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास दोन्ही देशांनी तातडीने सल्लामसलत करायची होती. त्यापुढचे पाऊल मोकळे ठेवले होते. अलिप्ततेशी त्याची सांगड घालता आली ती यामुळेच.

शीतयुद्धानंतर भारताची सुरक्षा भागीदारी बहुविध झाली. 'मलबार' हा भारत-अमेरिका नौदल सराव 1992 मध्ये सुरू झाला. जपान 2015 पासून त्याचा कायम भाग झाला आणि ऑस्ट्रेलिया 2020 मध्ये परतला. अमेरिकेशी 2016 मध्ये रसदविषयक, 2018 मध्ये सुरक्षित संदेशवहनाचा आणि 2020 मध्ये भूस्थानिक माहितीचा करार झाला. यांतील कोणताही करार भारताला लढायला बांधत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये संदेशवहनाच्या करारावर सही झाली, आणि पुढच्याच महिन्यात भारताने रशियाशी एस-400 हवाई संरक्षण यंत्रणेचा व्यवहार केला. परस्परसंरक्षणाच्या तहात बांधलेल्या देशाला अशा व्यवहाराची मोठी किंमत मोजावी लागली असती.

या भागीदारीचा प्रत्यक्ष चेहरा मुंबईच्या माझगाव गोदीत दिसतो. फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या सहा कलवरी वर्गातील पाणबुड्या तेथे बांधल्या गेल्या. पहिली डिसेंबर 2017 मध्ये आणि सहावी, 'वागशीर', जानेवारी 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीचे आयुष्य काही दशकांचे असते. सुटे भाग, प्रशिक्षण, आधुनिकीकरण यांमुळे दोन्ही देशांचे अभियंते आणि नौसैनिक तितका काळ एकमेकांशी जोडले जातात. याच गोदीने 2023 मध्ये अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. कामगारांच्या हातांतून आणि सुट्या भागांच्या साखळीतून विणलेले हे नाते सरकार बदलले म्हणून एका दिवसात तुटत नाही.

माहितीच्या देवाणघेवाणीचे मोलही मुंबईनेच दाखवून दिले. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते. त्यानंतर समुद्रावरील हालचालींची माहिती गोळा करणे ही राष्ट्रीय निकड बनली. डिसेंबर 2018 मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागर क्षेत्रासाठी माहिती केंद्र उभे राहिले. तेथे मित्रदेशांचे संपर्क अधिकारी भारतीय अधिकाऱ्यांबरोबर बसून काम करतात. चाचेगिरी, तस्करी, संकटात सापडलेली जहाजे हे त्यांचे रोजचे विषय. अशा कामाला परस्परसंरक्षणाचा तह लागत नाही. त्याला विश्वास आणि चालू असलेली दूरध्वनी जोडणी लागते.

भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा 'क्वाड' गटही असाच घडला. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर मदतकार्यासाठी चौघे एकत्र आले, 2007 मध्ये त्यांच्या अधिकाऱ्यांची पहिली बैठक झाली. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतले, तेव्हा गट थंडावला. नोव्हेंबर 2017 मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि मार्च 2021 मध्ये नेत्यांच्या पातळीवर गेला. सहज थांबणे आणि सहज सुरू होणे, हे अनौपचारिक रचनेचे बळही आहे आणि दुबळेपणही.

उणिवा आणि धोके

पहिला धोका धूसरतेचा. शत्रूला रोखायचे असेल तर आपण काय करू, हे त्याला कळले पाहिजे. 1914 मध्ये ब्रिटनची भूमिका शेवटपर्यंत अस्पष्ट राहिल्याने जर्मनीचा अंदाज चुकला का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. दुसरा धोका मित्राच्या फसगतीचा. 5 डिसेंबर 1994 च्या बुडापेस्ट निवेदनपत्रात रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले आणि युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे सोडली. शब्द 'आश्वासन' होता, 'हमी' नव्हता. 2014 मध्ये क्रिमिया रशियाकडे गेला तेव्हा त्या एका शब्दातले अंतर युक्रेनच्या जनतेला मोजावे लागले.

तिसरा धोका लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. कायदेमंडळाला वळसा घालून वाढलेले लष्करी संबंध देशाला युद्धाच्या उंबरठ्यावर नेऊ शकतात, आणि ज्यांच्या मुलांना लढायचे असते त्यांना त्याचा पत्ताही नसतो. 1906 च्या सेनाधिकाऱ्यांच्या भेटी मंत्रिमंडळापासून लपवल्या गेल्या होत्या, ही गोष्ट या संदर्भात विसरण्याजोगी नाही. लेखी तहाची मंजुरी वेळखाऊ असते, पण त्या वेळात देश आपण कशाला तयार होत आहोत, यावर उघड चर्चा करतो.

दोन्हींचा मेळ

उतारावरून वर आणि खाली, दोन्ही दिशांनी वाटचाल होत असते. फिनलंड आणि स्वीडन अनौपचारिक भागीदारीतून तहाकडे गेले. तैवानच्या बाबतीत तहाकडून अनौपचारिकतेकडे प्रवास झाला. सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी अनेक दशकांचे लष्करी सहकार्य सप्टेंबर 2025 मध्ये परस्परसंरक्षणाच्या लेखी करारात बांधले. एकाच देशाच्या धोरणात दोन्ही प्रकार शेजारी नांदतात, तेव्हा तह धाक पुरवतो आणि भागीदारी सज्जता. धाकाशिवाय सज्जता शत्रूला दिसत नाही. सज्जतेशिवाय धाक पोकळ ठरतो.

कोणतीही सुरक्षा भागीदारी समजून घेताना म्हणून चार गोष्टी तपासाव्या लागतात. तिच्यात नेमके कोणते वचन आहे आणि त्याची हद्द कोठे संपते. ते वचन शत्रूला ऐकू जाण्यासाठी आहे की मित्राला आश्वस्त करण्यासाठी. कागदाखेरीज गोद्या, तळ, संदेशजाळी आणि माणसांची ओळख यांतून काय उभे राहिले आहे. आणि संकट आल्यावर निर्णय कोणाच्या हाती, कोणाच्या नजरेसमोर होणार आहे. निवेदनात 'ऐतिहासिक' शब्द किती वेळा आला, यापेक्षा या चार प्रश्नांची उत्तरे भागीदारीचे वजन अधिक खात्रीने सांगतात.